किडनी पुण्यात बसते, ताप लोहाऱ्यात येतो

किडनी बदलून धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यासारख्या गावी परतलेल्या माणसाला ताप आला, की आपल्याकडे काय होतं? जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन, एक सलाईन, अंगदुखीची गोळी. इतरांचा ताप त्यानं उतरतोही. या रुग्णाला मात्र क्लॅरिथ्रोमायसिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिकसुद्धा त्याच्या किडनीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये. त्यानं नवी किडनी टिकवणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अंगदुखीच्या अनेक गोळ्या तर थेट किडनीलाच बाधतात.

परकी किडनी शरीरानं झिडकारू नये, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. मग वर्षानुवर्षं अंगात निपचित पडलेले विषाणू डोकं वर काढतात. सायटोमेगॅलो विषाणू आपल्यातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्यारोपणानंतर तोच ताप आणतो, जुलाब लावतो, पांढऱ्या पेशी घटवतो. त्यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आहे, पण महाग.

बीके विषाणू अधिक फसवा. बहुतेकदा ना ताप, ना दुखणं. तो नव्या किडनीतच वाढतो आणि किडनीचं काम मंदावल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनीन चढल्यावर घरच्यांना कळतं. त्यावर खात्रीचं औषध नाही, दाबणाऱ्या गोळ्या कमी करणं हाच मुख्य उपाय. आता अडचण पाहा. शरीर किडनी नाकारू लागलं तरी क्रिएटिनीन चढतंच, आणि तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार वाढवावे लागतात. दोन्हींचे उपाय उलटे. रक्तातला विषाणू मोजल्याशिवाय अंदाजानं गोळी बदलली, तर आईनं दिलेली किडनी हातची जाते.

ही मोजणी पीसीआरनं होते. पहिले नऊ महिने बीकेसाठी ती दरमहा करावी, असं तज्ज्ञ सांगतात. मजुरी बुडवून इतक्या वेळा पुणे कोण गाठेल? 2020 मध्ये धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात कोविडसाठी पीसीआर प्रयोगशाळा उभी राहिली, 2022 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. किट वेगळं लागेल, प्रशिक्षण लागेल, तंत्र मात्र तेच. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला, हे चांगलंच झालं. त्याच हातानं ही मोजणीही जिल्ह्यात मोफत करा. रक्त लोहाऱ्यात घ्यावं, नमुना थंड पेटीतून धाराशिवला जावा, आकडा किडनीतज्ज्ञाच्या फोनवर पोचावा. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय आपल्या प्रतिनिधींनी मांडायलाच हवा.