'एन्टआर्टेट': वर्णनाच्या वेषातील निकाल

१/७
१९ जुलै १९३७. म्युनिकमध्ये एक प्रदर्शन खुले झाले. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती नाझी राजवटीने तेथे उपहासासाठी मांडल्या होत्या. त्यांना लावलेले विशेषण एकच: 'एन्टआर्टेट'. मराठीत सहज सुचणारा प्रतिशब्द 'विकृत'. तो अपुरा आहे. इतिहासाचे मर्म त्यात हरवते.

२/७
येथे 'आर्ट' म्हणजे कला नव्हे. कलेला जर्मन शब्द 'कुन्स्ट'. 'आर्ट' म्हणजे प्रकार, जात, जीवशास्त्रातील प्रजाती. 'एन्ट' हा उपसर्ग दुरावणे सुचवतो. म्हणजे आपल्या जातीपासून ढळलेले. शेतकऱ्याच्या भाषेत, वाण सोडलेले.

३/७
एकोणिसाव्या शतकात ही कल्पना वैद्यकात रुजली. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ मोरेल यांनी १८५७ मध्ये आनुवंशिक ऱ्हासाचा सिद्धान्त मांडला. १८९२ मध्ये माक्स नॉर्डाऊ यांनी याच संकल्पनेच्या नावाचा ग्रंथ लिहून टॉल्स्टॉय, इब्सेन, झोला यांना रुग्ण ठरवले. नॉर्डाऊ स्वतः ज्यू होते; पुढे ते झायोनिस्ट चळवळीचे नेते झाले. त्यांनी वापरलेले शस्त्र अखेर ज्यूंवरच उगारले गेले.

४/७
'विकृत' हे अभिरुचीचे मत आहे. त्याचा प्रतिवाद करता येतो. 'वाण बिघडला' हे मात्र निदान असल्याचा आव आणते. मग चित्र कसे आहे हा प्रश्न उरत नाही. चित्रकार कोण आहे एवढेच उरते.

५/७
आणि हे निदानही खोटेच होते. प्रदर्शनातील ११२ कलावंतांपैकी ज्यू केवळ सहा होते. एमिल नोल्डे तर नाझी पक्षाचे सदस्य आणि ज्यूद्वेष्टे; तरीही त्यांच्या हजाराहून अधिक कलाकृती संग्रहालयांतून जप्त झाल्या. सत्तेला जे नको, ते 'एन्टआर्टेट'. याहून वेगळा निकष नव्हता.

६/७
भौतिकशास्त्रात हा शब्द आजही निर्धोकपणे वावरतो: समान ऊर्जेच्या भिन्न अवस्थांना तो लावतात. संस्कृतीच्या संदर्भात मात्र त्याचा डाग गेलेला नाही. २००७ मध्ये कोलोनचे कार्डिनल माइस्नर यांनी, उपासनेपासून तुटलेली संस्कृती अशीच ढळते, या आशयाचे विधान करताना याच धातूचे क्रियापद वापरले, तेव्हा जर्मनीत मोठा वाद उसळला.

७/७
म्हणून मराठी लेखनात हे विशेषण मूळ रूपातच ठेवून त्याचा अर्थ उलगडणे योग्य. 'विकृत कला' असे लिहिले की नाझींचा गुन्हा केवळ वाईट अभिरुचीचा वाटू लागतो. प्रत्यक्षात माणसांवर वापरायची भाषा तेथे चित्रांवर वापरली जात होती.