चाकाचा आउट: घरी काढावा की मिस्त्रीकडे न्यावा?

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला एका मोटारसायकलवर किती ओझे बसते हे सांगायला नको. पुढे टाकीवर पोरगं, मागे कारभारीण, तिच्या मांडीवर पिशवी आणि बाजूला पेंडीचे पोते. इतर दिवशी दुधाच्या किटल्या, हंगामात डाळिंबाचे क्रेट. हे सारे वजन अखेर पेलतात त्या चाकातल्या काडीएवढ्या तारा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या एका चाकात अशा 36 तारा असतात. गाडीला तेलपाणी आपण करतो, साखळीला ग्रीस लावतो, पण या तारांकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या गाडीचे मागचे चाक लहरू लागले. चाक फिरताना रिंग डावी-उजवीकडे हलते किंवा वर-खाली उडते, त्याला आपल्याकडे आउट म्हणतात. मिस्त्रीला पैसे कशाला द्यायचे, म्हणून मी निपल फिरवायचा पाना आणला आणि अंगणात बसलो. जिथे रिंग सरकली होती तिथल्या समोरच्या तारा आवळल्या. जमेना, म्हणून आणखी आवळल्या. टायर काढले नव्हते. तासाभराने चाक बरेच सरळ फिरू लागले आणि मला मोठा अभिमान वाटला.

आठ दिवसांनी पत्नी आणि धाकट्या मुलीला घेऊन मंगळवेढ्याला निघालो. वाटेत मागची ट्यूब एकाएकी बसली, गाडी झोलली आणि आम्ही तिघेही साइडपट्टीच्या मुरमात पडलो. नशीब, मागून ट्रक नव्हता. मुलीचे गुडघे फुटले, पत्नीच्या कोपराला खरचटले. त्या दिवसाची माझी हजेरी बुडाली ती वेगळीच.

पंक्चरवाल्याने ट्यूब काढून दाखवली. छिद्र बाहेरून नव्हते, आतून होते. मी तार इतकी आवळली होती की तिचे टोक निपलच्या माथ्यातून वर आले आणि रिंगेवरची पट्टी फाडून ट्यूबमध्ये घुसले. तो म्हणाला, "गुरुजी, हे चाक चाचांना दाखवा."

हे चाचा सायकलीच्या जमान्यापासून चाके भरतात. त्यांनी काही न बोलता चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले. मग ते हळूहळू फिरवत पान्याच्या दांडीने एकेका तारेवर टिचकी मारत गेले. टिंग, टिंग, टिंग आणि मधेच ठक्. "रिंग वाकडी न्हाई. तारा एकमेकींशी भांडायल्यात. तुमी आवळली, पर ढिली कुटंच केली न्हाई. एकीला वढलं तर दुसरीला सोडाय लागतंय."

या दोन वाक्यांत सगळी विद्या आली. तारा ताणलेल्या असतात आणि त्या ताणावरच चाक गोल राहते. निम्म्या तारा हबच्या डाव्या कडेला, निम्म्या उजव्या कडेला. उजवीकडच्या आवळल्या की रिंग उजवीकडे येते, डावीकडच्या आवळल्या की डावीकडे. दोन्हीकडच्या सारख्या आवळल्या की त्या जागी रिंग हबकडे खाली येते. एखादी तार ढिली राहिली की तिचा भार शेजारणींवर पडतो. त्या रोज खड्ड्यात थोड्या थोड्या थकतात आणि एके दिवशी हबपाशी, जिथे तार वाकवलेली असते तिथेच, तुटतात. एक तुटली की दुसरीला वेळ लागत नाही.

मग घरी काय करावे? पुढचे एवढे काम ज्याला सायकलचे पंक्चर काढता येते त्याला सहज जमेल.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खडखडले तर दोष बेअरिंगचा आहे, तारांना हात लावू नये. नाही खडखडले तर टिचकी मारत सगळ्या तारा ऐकाव्यात. ठक् आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. मागचे चाक असेल तर साखळी उतरवावी, म्हणजे ते मोकळे फिरते. मग एक जाड तार किंवा पेन्सिल गाडीच्या दांडीला घट्ट बांधून तिचे टोक रिंगेच्या अगदी जवळ आणावे आणि चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू करून चाक फिरवणे हा बोटे गमावण्याचा मार्ग आहे.

आधी वर-खाली उडी बघावी, मग डावी-उजवी लहर. रिंग जिथे उजवीकडे घासते तिथल्या उजव्या तारा पाव फेरा सोडाव्यात, डाव्या पाव फेरा आवळाव्यात. पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा फिरवावे, पुन्हा बघावे. निपल फिरवताना नवशिक्या हमखास चुकतो. टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्यासारखे फिरवल्यावर तार आवळते, पण आपण हबच्या बाजूने बघत असतो तेव्हा तेच उलटे दिसते. गंजलेल्या निपलला आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. जोर केला तर निपलच्या कडा जातात आणि मग पाना धरत नाही. कंपन्यांच्या पुस्तकात साधारण 2 मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो असे दिलेले असते. तेव्हा केसाएवढा फरक काढत बसू नये. आणि एकदोन फेऱ्यांहून जास्त आवळावे लागले, तर टायर-ट्यूब काढून तारांची टोके बघावीत. वर आलेले टोक कानशीने घासून निपलच्या आत ठेवावे. माझे एवढेच चुकले होते.

आता मिस्त्रीकडे कधी न्यावे? रिंगेला चीर गेली असेल, खड्ड्याने तिची कड दबली असेल, एकदम तीन-चार तारा तुटल्या असतील किंवा निपल गंजून बसली असतील, तर घरी खटपट करू नये. नव्या तारा भरून चाक उभे करायचे असेल तर मुळीच नाही. हबच्या आतून येणारी तार वेगळी, बाहेरून येणारी वेगळी. त्यांची वाकण सारखी नसते, पुष्कळ गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांची लांबीही वेगळी असते. कुठली तार कुठल्या तारेवरून ओलांडायची हे चुकले तर शेवटच्या चार तारा बसतच नाहीत. रिंग हबच्या किती बाजूला हवी हेही पाहावे लागते, नाहीतर पुढचे-मागचे चाक एका रेषेत चालत नाही. चाचांनी माझे चाक पाऊण तासात भरले. मला दोन रविवार लागले असते आणि तरी भरवसा नसता. नवे भरलेले चाक थोडे चालवल्यावर एकदा परत दाखवावे, कारण तारा बसल्या की थोड्या ढिल्या होतात.

काहीजण म्हणतात, आता मॅग व्हीलचा जमाना आहे, ही विद्या कशाला? मॅग व्हीलला ट्यूबलेस टायर चालते, ही सोय खरीच. पण मोठ्या खड्ड्यात ते वाकले किंवा चिरले तर तारेच्या चाकासारखे घरी सरळ होत नाही. आणि 1994 साली आलेली स्प्लेंडर, तिच्या आधीची 1985 ची सीडी हंड्रेड, अशा तारांच्या चाकाच्या गाड्या आपल्या वस्तीवस्तीत कुटुंबे ओढत आहेत.

तारा हबमधून सरळ न लावता तिरप्या, एकमेकींना ओलांडत लावायच्या ही युक्ती 1874 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने पेटंट केली. हा शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी त्याने माळीकाम केले आणि घड्याळे, शिवणयंत्रे दुरुस्त करता करता कारागीर झाला. आज जगभर सायकली-मोटारसायकलींची चाके त्याच रीतीने भरली जातात. डोके आणि हात एकत्र चालले की काय होते, ते यावरून दिसते. म्हणून चाचांनी मजुरी सांगितली तेव्हा मी घासाघीस केली नाही. पाऊण तासाचे पैसे नव्हते ते, चाळीस वर्षांच्या कानाचे होते. आपण स्वतः मजुरीसाठी भांडणारी माणसे. दुसऱ्याच्या कसबाची मजुरी पाडून मागणे आपल्याला शोभत नाही. मात्र चाक टाकून घरी जाऊ नये. शेजारी उभे राहून बघावे, विचारावे. चाचांनी मला हाकलले नाही, उलट पाना हातात दिला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या अंगणात चाके तपासली जातात. टिचकी मी मारतो, ऐकते धाकटी. तिचे गुडघे बरे झालेत. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. परवा ती म्हणाली, "पप्पा, ही बोलत नाही." मी बघितले, खरेच तार ढिली होती. खडूची खूण तिनेच केली आणि पाव फेराही तिनेच दिला.