वादकाची नोंद कोणत्या खात्यावर?

संगीताच्या इतिहासग्रंथांत, ध्वनिमुद्रिकांच्या सूचींत आणि पारितोषिकांच्या याद्यांत गिटारवादकांची जी वर्गवारी आढळते, ती ज्या निश्चिंतपणे केलेली असते तो निश्चिंतपणा बारकाईने ऐकणाऱ्या श्रोत्याला फार काळ टिकवून धरता येत नाही. कारण जॅझचे वादक अलीकडे आणि रॉकचे पलीकडे अशी हद्द एकदा आखून घेतली, की ज्यांच्याविषयी लिहावे असे वाटते ते कित्येक वादक नेमके त्या हद्दीवर उभे असलेले, किंवा एका तबकडीत अलीकडे व पुढच्या तबकडीत पलीकडे गेलेले दिसतात. सॅक्सोफोनवादकाच्या बाबतीत ही अडचण एवढ्या तीव्रतेने उद्भवत नाही, कारण ते वाद्य जॅझमध्ये अग्रभागी आणि रॉकमध्ये क्वचितच पुढे येणारे, त्यामुळे वाद्याचे नाव सांगताच निम्मा निवाडा होऊन जातो. गिटारची स्थिती अगदी निराळी आहे. रॉकमध्ये तीच मुख्य. जॅझमध्ये मात्र तिने बरीच वर्षे वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून तालाची सोबत केली आणि विजेची जोड मिळाल्यावर स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकार मिळविला. दोन्हीकडे वाद्य एक, तारा त्याच, आणि पुष्कळदा कारखानदारही तोच. तेव्हा हातातील वस्तूवरून माणूस ओळखावा ही सोय येथे नाही.

मुळात या वर्गवारीचा उगम संगीतशास्त्रात शोधू गेल्यास सापडत नाही. तो तबकड्या विकणाऱ्यांच्या दप्तरात सापडतो. १९२०च्या दशकात अमेरिकेतील कंपन्यांनी, आणि त्यांत ओके या कंपनीने पुढाकार घेऊन, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’ या नावाने आणि दक्षिणेकडील ग्रामीण गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी ‘हिलबिली’ या नावाने स्वतंत्र मालिका काढल्या, आणि वादकाने वाजविले काय यापेक्षा त्याच्या कातडीचा वर्ण कोणता व त्याची तबकडी कोणत्या वस्तीत खपेल यांवरून तिचा अनुक्रमांक ठरू लागला. लॉनी जॉन्सन या न्यू ऑर्लिन्सच्या असामान्य गिटारवादकाचे आयुष्य म्हणजे या शिरस्त्याचा एक दुःखद दाखला आहे. १९२५च्या सुमारास सेंट लुइस येथे ब्लूजगायनाची एक स्पर्धा त्याने जिंकली, तिच्यामुळे ओके कंपनीशी त्याचा करार झाला, आणि तेवढ्या एका घटनेने तो जन्मभर ब्लूजच्या खात्यावर मांडला गेला. वस्तुतः १९२७च्या डिसेंबरात लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह संचात आणि पुढच्या वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात त्याने जे वाजविले, ते जॅझमधील एकल गिटारवादनाच्या पायाचे दगड होत. ‘हॉटर दॅन दॅट’ या रचनेत आर्मस्ट्राँगचा शब्दरहित कंठस्वर आणि जॉन्सनची गिटार यांचे जे सवालजवाब चालतात, ते ऐकल्यावर या माणसाला जॅझच्या इतिहासात तळटीपेची जागा देणाऱ्या ग्रंथकारांविषयी मनात राग उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही.

याच जॉन्सनबरोबर १९२८ आणि १९२९ मध्ये एडी लँगने काही युगुलवादने मुद्रित केली. लँग हा फिलाडेल्फियाचा, इटालियन वंशाचा गोरा वादक, आणि जॅझमधील गिटारचा एक आद्य प्रवर्तक. परंतु कृष्णवर्णीयाच्या जोडीस बसून वाजविलेल्या त्या तबकड्यांवर त्याचे नाव छापले गेले नाही. तेथे ‘ब्लाइंड विली डन’ असे नाव घातले गेले, म्हणजे वाचणाऱ्याने हा कोणी दृष्टिहीन कृष्णवर्णीय ब्लूजवाला असावा असे समजून घ्यावे. दोन वादक एका खोलीत बसून एकमेकांच्या सुरात सूर मिसळत होते, आणि त्यांनी ओलांडलेली हद्द कागदावर शाबूत राहावी म्हणून एकाचे नाव बदलावे लागले, याहून त्या वर्गवारीच्या स्वरूपाचा अधिक स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. पुढे १९४८ साली जॉन्सनचे ‘टुमॉरो नाइट’ हे मंदगती भावगीत ‘रेस’ तबकड्यांच्या यादीत अग्रस्थानी पोचले, आणि लगेच १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने त्या यादीचे नाव ‘रिदम अँड ब्लूज’ असे केले. जॉन्सनच्या बोटांत त्यामुळे काडीचाही फेरफार झाला नाही.

आपल्याकडे गायकाची ओळख घराण्यावरून करून देण्याची वहिवाट आहे, आणि तिच्यात दोष असले तरी तिच्या मुळाशी गुरूसमोर बसून घेतलेली प्रत्यक्ष तालीम असते. तोच न्याय गिटारवादकांस लावता येईल काय, असा विचार एखाद्या मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या वादकांच्या बहुतेक पिढ्यांना तशी तालीम लाभलीच नाही. त्यांचा गुरू म्हणजे तबकडी, आणि तबकडी शिष्याची जात, गाव किंवा घराणे विचारीत नाही. टेक्ससमध्ये जन्मलेला चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या संचात दाखल झाला, विजेच्या गिटारवर सॅक्सोफोनसारखी लांब, वळणदार वाक्ये बोलू लागला, आणि १९४२ मध्ये अवघ्या २५व्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्या ओळखीचा, टेक्ससचाच टी-बोन वॉकर तेच नवे वाद्य घेऊन ब्लूज गाऊ लागला, आणि त्याच्या वादनावरून बी. बी. किंग व चक बेरी यांनी धडे घेतले. एका प्रांतातील, एकाच काळातील या दोघांपैकी एकाला जॅझचा व दुसऱ्याला पर्यायाने रॉकचा मूळपुरुष ठरविण्यात आले आहे. पण ज्यांनी दोघांच्याही तबकड्या ऐकल्या त्यांच्या कानांत ही वाटणी कशी राहावी? इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी विशीच्या सुमारास ख्रिश्चनला ऐकून गिटारकडे वळला आणि त्याची एकलवादने कानाने जशीच्या तशी उतरवून शिकला. आणि जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ सालच्या ‘थर्ड स्टोन फ्रॉम द सन’मध्ये मुख्य स्वरावली दोन सप्तकांत एकदम वाजते तेव्हा माँटगोमेरीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

बाह्य खुणांनी काम भागत नाही असे दिसल्यावर जाणकार संगीताच्या अंतरंगातील लक्षणांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब व दुसरा आखूड ठेवून लयीला हेलकावा दिला जातो, रॉकमध्ये ते भाग समसमान पडतात. जॅझमधील वादक क्षणोक्षणी बदलणाऱ्या स्वरसंहतींतून वाट काढतो, रॉकमधील वादक बहुधा एकाच आधारस्वरावर स्थिर राहून पाच स्वरांची करामत करतो. जॅझचा नाद स्वच्छ व गोलसर, रॉकचा भरडलेला व लांबणारा. ही लक्षणे आरंभीच्या श्रोत्यास उपयोगी पडतात, हे मी नाकारीत नाही. तथापि माइल्स डेव्हिसने १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत स्वरसंहतींची धावपळ थांबवून वादकांना एकेका स्वरसमूहावर दीर्घकाळ विहार करू दिला, आणि दहा वर्षांनी ‘बिचेस ब्रू’मध्ये समसमान मात्रांचा ताल व जॉन मॅक्लॉफ्लिनची कर्कश विद्युत्-गिटार स्वीकारली, तेव्हा ही तिन्ही लक्षणे खुद्द जॅझच्या एका सर्वमान्य अध्वर्यूनेच मोडीत काढली.

या प्रश्नाचा विचार करताना मी वारंवार एका रचनेकडे परत जातो. चार्ल्स मिंगसने लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या निधनानंतर, १९५९ मध्ये, ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ नावाची शोकरचना केली. तिचा साचा ब्लूजचाच, म्हणजे बारा आवर्तनांचा आहे. मात्र त्या साध्या साच्याखाली मिंगसने ज्या स्वरसंहती घातल्या आहेत त्या इतक्या गडद आणि अनपेक्षित आहेत, की चाल ओळखीची वाटत असतानाच पायाखालची जमीन सरकत राहते. मॅक्लॉफ्लिनने ती १९७१ मध्ये ‘माय गोल्स बियाँड’ या तबकडीत विजेवाचून वाजविली, स्वतःच्याच एका गिटारवर दुसरी चढवून. त्यात स्वर टोकदार आहे, वाक्ये भराभर येतात, आणि शोकापेक्षा एकाग्र चिंतनाचा भाव अधिक आहे. जेफ बेकने तीच रचना १९७६ च्या ‘वायर्ड’मध्ये घेतली. बेक हा यार्डबर्ड्स या रॉक संचातून आलेला, सर्व सूचींत रॉकच्या सदरात नोंदलेला वादक. परंतु तो येथे तार ताणून, सोडून, दोन स्वरांमधली श्रुतीश्रुतीची वाट ज्या संथपणे चालतो, त्याला आपण निःशंक मींड म्हणू, आणि सॅक्सोफोनवादकाच्या स्मृत्यर्थ केलेल्या त्या रचनेतील श्वास, कंप आणि कंठाचा गहिवर मला या तथाकथित रॉकवादकाच्या हातूनच अधिक पुरतेपणी ऐकू येतो. त्या ‘वायर्ड’मध्ये यान हॅमर व नारदा मायकेल वॉल्डन हे सहवादक आहेत, आणि ते दोघेही पूर्वी मॅक्लॉफ्लिनच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्रात होते. मिंगसची रचना बेकच्या तबकडीत आली म्हणून बेक जॅझचा झाला काय? नाही. आणि बेकने ती वाजविली म्हणून मिंगसची रचना रॉक झाली काय? तेही नाही. पण त्या साडेपाच मिनिटांच्या वादनाला, निदान तेवढ्यापुरते, जॅझ म्हणण्यास जो नकार देईल त्याने आपल्या नकाराचे कारण त्या वादनातच दाखवून दिले पाहिजे, बेकच्या पूर्वायुष्यात नव्हे.

पारितोषिके देणाऱ्या संस्थांनाही या प्रश्नाने चकविले आहे. १९९९ च्या ग्रॅमी समारंभात पॅट मेथनीच्या संचाच्या ‘इमॅजिनरी डे’ या तबकडीला समकालीन जॅझचे, आणि तिच्यातीलच ‘द रूट्स ऑफ कोइन्सिडन्स’ या रचनेला रॉक वाद्यवादनाचे पारितोषिक एकाच वेळी मिळाले. मेथनीची कीर्ती मोठी असल्यामुळे त्याला याची झळ पोचली नाही. ॲलन होल्ड्सवर्थसारख्या ब्रॅडफर्डच्या वादकाला मात्र ती आयुष्यभर सोसावी लागली. त्याचा आदर्श जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, नाद रॉकचा, स्वरसंहतींची रचना मात्र ना या पद्धतीची ना त्या पद्धतीची, सर्वस्वी त्याची स्वतःची. १९८३च्या ‘रोड गेम्स’ला रॉक विभागात नामांकन मिळाले, तर त्याने टोनी विल्यम्ससारख्या जॅझमधील श्रेष्ठ तालवादकाबरोबर केलेले काम जॅझच्या फडताळात राहिले, आणि २०१७ मध्ये तो निवर्तला तोवर त्याला स्वतःचा असा मोठा श्रोतृवर्ग कधी लाभलाच नाही.

तेव्हा वर्गवारीच टाकून द्यावी, असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्या दप्तरात कोणतीच सदरे नाहीत तेथे नवख्या श्रोत्याला काहीच सापडणार नाही, आणि सर्व संगीत एकच आहे हे वाक्य ऐकण्याचे श्रम वाचविण्याखेरीज कोणत्याही कामाचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की वर्ग हा वादनाला लागू करावा, वादकाला नव्हे; नोंद व्हावी ती विशिष्ट दिवशी, विशिष्ट सहकाऱ्यांसह झालेल्या मुद्रणाची, आणि एकाच मुद्रणाला दोन सदरे लागू पडत असतील तर ती दोन्ही निःसंकोच लिहावीत.

ही बाब आपल्यापासून दूरची नाही. मॅक्लॉफ्लिनने मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या तबल्याबरोबर १९७०च्या दशकात ‘शक्ति’ हा संच उभारला, आणि त्या संचाच्या ‘धिस मोमेंट’ या तबकडीला २०२४ साली ग्रॅमी मिळाले ते ‘ग्लोबल म्युझिक’ या विभागात, जणू त्यांतील गिटारला जॅझचा काही हक्कच उरला नव्हता. त्यांच्याही आधी, मुंबईत जन्मलेला गोव्याच्या वंशाचा अमान्सिओ डिसिल्व्हा हा गिटारवादक लंडनला गेला, आणि १९६९ मध्ये जमेकात जन्मलेल्या जो हॅरियटच्या सॅक्सोफोनबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही तबकडी केली. त्याची ‘कोकण डान्स’ ही पुढची तबकडी तर अनेक वर्षे अप्रकाशितच पडून राहिली. आज त्याचे नाव कोठे आढळलेच तर ते ‘इंडो-जॅझ’ अशा जोडसदरात आढळते, आणि ते सदर मुख्य इतिहास लिहिणारे वाचीत नाहीत. मुंबईत आणि गोव्यात जुन्या तबकड्यांचा सांभाळ करणारे जे व्यासंगी संग्राहक आहेत, त्यांनी आपल्या सूचीत ‘हम दोनो’ची नोंद करताना प्रथम साल, गाव आणि सर्व वादकांची नावे लिहावीत, आणि डिसिल्व्हाला हॅरियटच्या शेजारी, जॅझच्याच सदरात, कोणतेही विशेषण न जोडता बसवावे.

— श्रुतिधर