‘हलकी’ सिगारेट कुणासाठी हलकी?



गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक उपासिका आमच्याजवळ येऊन बसल्या. सोलापुरात हजारो घरांत चालतो तोच त्यांचा उद्योग. कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कात्रीने कापायची आणि दिवसभर मान खाली घालून विड्या वळायच्या. सोबत त्यांचा विशीतला मुलगा होता. त्याचा खोकला ऐकून आम्ही सहज विचारले, “विडी ओढतोस काय रे?” तो बोलण्याआधी आईच म्हणाली, “नाही ओ दादा, आमच्यात विडी कुणी ओढत नाही. मी वळते तेवढंच. हा ओढतो ती सिगारेट, ती बी हलकी.”

मुलानेही खिशातले पाकीट दाखवले. “काका, ही फिल्टरची आहे. ह्यात टार कमी असतं. घशाला लागतसुद्धा नाही. पानपट्टीवाला तर लाइटच म्हणतो हिला.”

पाकिटावर कॅन्सरचे चित्र होते. ‘लाइट’ हा शब्द कुठेही नव्हता. तरीही तो शब्द त्या मुलाच्या आणि त्याच्या माउलीच्या मनात पक्का बसला होता. तो तिथे कुणी आणि कसा बसवला, याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम टार म्हणजे काय ते पाहू. तंबाखू जळते तेव्हा धुराबरोबर काळसर, चिकट, डांबरासारखे द्रव्य निघते. तेच टार. कॅन्सर करणारी अनेक विषारी द्रव्ये त्यात असतात. निकोटीन निराळे. ते माणसाला चटक लावते. माणूस ओढतो ते निकोटीनसाठी आणि त्याच्याबरोबर टार फुकट पदरात पडते.

१९५० साली अमेरिकेत वाइंडर व ग्रॅहम यांनी, तर इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी रुग्णांची तपासणी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला. १९५३ साली वाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पाठीवर सिगारेटचे टार लावले, तेव्हा शंभरातील ४४ उंदरांना कॅन्सर झाला. अमेरिकेतील सिगारेट कंपन्या हादरल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे मुख्य अधिकारी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांची जाहिरात झळकली. आमचा माल अपायकारक आहे असे आम्हास वाटत नाही, परंतु जनतेचे आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी आहे, असा तिचा आशय होता.

मग प्रयोगशाळा कामाला लागल्या. तेथील सर्वच रसायनशास्त्रज्ञ लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. काहींनी विष कमी करण्याचा खरोखरच प्रयत्न केला. परंतु अडचण अशी की, टार गाळून काढू गेले तर चव जाते, निकोटीनही कमी होते आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. धंदा तर निकोटीनच्या चटकेवर उभा! तेव्हा विष काढण्यापेक्षा विष निघाल्याचा देखावा करणे सोपे ठरले.

याची दोन उदाहरणे पाहा. १९५२ साली ‘केंट’ नावाची सिगारेट खास फिल्टरसह बाजारात आली. आरोग्याचे रक्षण करणारा फिल्टर म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू होते आणि ॲस्बेस्टॉसने स्वतःच कॅन्सर होतो! १९५६पर्यंत असा फिल्टर विकला गेला. दुसरे उदाहरण क्लॉड टीग या कंपनीतील शास्त्रज्ञाचे. ओढताना फिल्टरचा रंग बदलून तो तपकिरी व्हावा, अशी युक्ती त्याने १९५३ साली सुचवली. त्याने फिल्टरची गाळण्याची ताकद बहुधा वाढणार नाही, परंतु विक्रीला मोठा फायदा होईल, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. आजही लोक तो तपकिरी झालेला बोळा पाहून म्हणतात, “बघा, किती घाण अडवली!”

त्यानंतर आली ती खरी करामत. फिल्टरवरच्या कागदाला बारीक छिद्रे पाडण्यात आली. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना सहज दिसत नाहीत. झुरका घेतला की त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. अमेरिकेत १९६७पासून सरकारी पद्धतीने यंत्राला सिगारेट ओढायला लावून टार मोजू लागले. ते यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेई, तो दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा. यंत्राला ना चटक, ना चिंता, ना मालकाची बोलणी. ते छिद्रे मोकळी ठेवून शिस्तीत ओढी आणि टारचा आकडा खाली येई. तोच आकडा जाहिरातीत छापला जाई.

माणूस मात्र यंत्र नव्हे. त्याच्या रक्ताला निकोटीनचा ठरावीक वाटा लागतो. धूर पातळ झाला की तो न कळत लांब झुरका घेतो, खोल ओढतो, धूर छातीत धरून ठेवतो, नाहीतर दोन सिगारेटी जास्त ओढतो. शिवाय ओठांनी किंवा बोटांनी ती छिद्रेच झाकली जातात. मग पाकिटावरचा आकडा राहतो पाकिटावर!

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते काय? होते. ‘मार्लबोरो लाइट्स’ ओढणाऱ्यांची पाहणी त्याच कंपनीने १९७५ साली केली. ही माणसे मोठे झुरके घेतात आणि साध्या मार्लबोरोइतकाच धूर आत घेतात, असे तिच्याच संशोधकांना आढळले. ते कागद पुढे खटल्यांमुळे जगापुढे आले. तोवर सिगारेट सोडण्याच्या विचारात असलेले लाखो लोक ‘लाइट’वर जाऊन थांबले होते. आम्हास वाटते, या संशोधनाचे खरे फळ हेच. जो गिऱ्हाईक हातचा जाणार होता, तो राहिला.

२००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने सर्व पुरावा तपासून सांगितले की, पन्नास वर्षांतील या बदलांमुळे जनतेच्या आरोग्याचा फायदा झाल्याचा खात्रीचा पुरावा नाही. १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी कंपन्यांनी ‘लाइट’ व ‘लो टार’ या शब्दांनी लोकांची फसवणूक केल्याचा निकाल दिला. २०१४च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने तर पुढचे सांगितले. १९५०नंतर सिगारेटची घडण बदलत गेली, तसा फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढला. ज्याला ढाल म्हणून विकले, त्यानेच वार केला.

२०१०पासून अमेरिकेत ‘लाइट’ शब्दाला बंदी आली. आपल्या देशातही पाकिटावर असे फसवे शब्द छापण्यास मनाई आहे. पण शब्द गेला तरी रंग राहिला. अमेरिकेत ‘लाइट्स’चे नाव ‘गोल्ड’ झाले. फिका रंग, पांढरे पाकीट पाहिले की गिऱ्हाइकाला पूर्वीचा अर्थ आपोआप कळतो.

आता आपल्या सोलापूरच्या घरात येऊ. सिगारेट कंपनीने जे यंत्राने केले, ते आपण नुसत्या शब्दांनी करतो. कुणी म्हणतो, “विडी काय, देशी पान आहे, कागद नाही, त्यात तंबाखू ती किती!” विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते हे खरे. परंतु तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही आणि विडी सारखी विझते. म्हणून घाईघाईने, जोराने झुरके घ्यावे लागतात. तपासणीत विडीच्या धुरात टार आणि निकोटीन सिगारेटपेक्षा अधिकच आढळले आहे. मुंबईत सुमारे एक लाख लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तीत विडी ओढणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त निघाला. आमच्या माताभगिनी मिश्रीला ‘दातांचे औषध’ म्हणतात. तीही भाजलेली तंबाखूच. हलकी विडी नाही, हलकी सिगारेट नाही, हलकी मिश्री नाही.

हे लिहिताना विड्या वळणाऱ्या भगिनींचा आम्हास विसर पडलेला नाही. दिवसभर वळून हाती पडते तेवढ्यावर त्यांची चूल पेटते. तंबाखूची धूळ त्यांच्याच नाकातोंडात जाते. त्यांना दोष देणारा करंटा ठरेल. दोष त्या व्यवस्थेचा, जिने दुसरे काम त्यांच्या दारी आणले नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराच्या कामाचे तास आणि स्त्री कामगारांचे हक्क यांसाठी जे केले, ते स्मरून या भगिनींना पर्यायी रोजगार मिळावा म्हणून आपण भांडले पाहिजे. पण आईने वाकून मिळवलेला पैसा मुलाने धुरात घालवणे, याला कोणते नाव द्यावे?

तो मुलगा म्हणाला होता, “काका, बुद्धानेच सांगितलंय ना, स्वतः अनुभव घ्या म्हणून? मी अनुभवानेच सांगतो, ही हलकी आहे.” प्रश्न चांगला होता. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका असे सांगितले हे खरे. पण नुसते जिभेला गोड लागले म्हणून स्वीकारा, असे त्यांनी कुठे सांगितले? ही गोष्ट अहिताची आहे काय, तिच्यातून दुःख उपजते काय, सुज्ञ तिची निंदा करतात काय, हे पाहा असे सांगितले. घशाला सौम्य लागावी म्हणूनच ती सिगारेट घडवलेली आहे. अनुभवच जिथे कारखान्यात तयार केला जातो, तिथे घशाची साक्ष चालत नाही. तिथे परिणाम पाहावा लागतो. आणि आपल्या पाचव्या शीलाचा गाभा सावधपणा आहे. बेसावध करणारे जे जे, त्यापासून दूर राहायचे, मग ते बाटलीत असो वा पाकिटात.

म्हणून आमची विनंती. ओढणाऱ्याने ब्रँड बदलू नये, सोडण्याचा दिवस ठरवावा. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, त्या तीन महिन्यांचा संकल्प करावा. पहिले काही दिवस जीव कासावीस होतो. तो निकोटीनचा निरोप समजावा. एकट्याने जमत नसेल तर सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. सरकारी दवाखान्यातही विचारावे, त्यात लाज कसली? घरच्यांनी टोमणे मारू नयेत, सोबत करावी. आणि रोजचा सिगारेटचा खर्च महिनाभर वहीत लिहून पाहावा. याच सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले, ते शिकण्याच्या जिद्दीवर. वहीतली ती बेरीज कुणाच्या तरी फीची असेल.

त्या मुलाने पाकीट फेकून दिले, असे आम्ही खोटे लिहिणार नाही. त्याने ते पुन्हा खिशात ठेवले. पण जाण्याआधी एक सिगारेट काढून उजेडात धरली आणि फिल्टरवरची ती बारीक छिद्रे बराच वेळ शोधत राहिला. शेवटी म्हणाला, “आहेत काका, आहेत.” त्याची आई काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी दोघेही येणार आहेत. आम्ही वाट पाहत आहोत.

जय भीम! जय बुद्ध!