बायोमेडिकलच्या वाटेने डॉक्टर? आधी ५४ महिन्यांचा हिशेब करा

'आधी बायोमेडिकल सायन्सची पदवी घ्या, मग परदेशात डॉक्टर व्हा,' हा सल्ला खोटा नाही. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. पण जागा कमी आणि स्पर्धा मोठी. ही पदवी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे.

खरी अडचण परतल्यावर येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप. चार वर्षांचे महिने होतात ४८. इथेच भारतातली नोंदणी अडते. नीटची पात्रताही लागतेच.

पैशाचे काय? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी मिळते, पदवीसाठी नाही. म्हणजे परदेशी एमबीबीएस बहुधा कर्जावरच. उलट, बायोमेडिकलनंतर संशोधनाला जायचे असेल, तर याच शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. बाबासाहेबही १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते पदव्युत्तर शिक्षणासाठीच.

तेव्हा मित्रांनो, डॉक्टर व्हायचे की संशोधक, हे आधी ठरवा. आणि आईवडिलांचे घर गहाण पडण्याआधी एजंटकडून अभ्यासक्रमाचे महिने लेखी घ्या.