विकत घेतलेल्या गाण्याचा मालक कोण?

सुरत गुजरातेत असली, तरी तिच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत अहिराणी कानावर पडल्यावाचून राहत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीकाठच्या रेल्वेने पोटासाठी गेलेली माणसे तेथील यंत्रमागांवर आणि कापड रंगविण्याच्या कारखान्यांत पिढ्यानपिढ्या राबत आहेत. गावाहून त्यांनी बरोबर नेले ते थोडेच. त्या थोड्यात श्रावणातली कानबाई आहे आणि गाणे आहे. हे गाणे त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, त्याचे पैसे कोणाच्या पदरात पडतात आणि पैसे मोजून घेतलेले गाणे घेणाऱ्याचे होते काय, हे प्रश्न एकट्या सुरतेतील खानदेशी श्रमिकांचे नाहीत. परंतु ज्याचा प्रत्येक रुपया घामाचा असतो, त्याच्या बाबतीत ते अधिक बोचतात.

ध्वनिफितींच्या काळात हा व्यवहार सरळ होता. फीत विकत घेतली की ती घेणाऱ्याची झाली. ती शेजाऱ्याला ऐकावयास देता येई, लेकीच्या लग्नात वाजविता येई आणि विकणारी कंपनी बुडाली तरी फीत घरातच राही. पुढे तबकड्या आल्या आणि त्यांच्यामागून मोबाइल फोनमधले नखाएवढे मेमरी कार्ड आले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने इंटरनेट स्वस्त करीपर्यंत देशातील कामगार वस्त्यांत मोबाइल दुरुस्तीचे दुकान हेच गाण्यांचेही दुकान होते. दुकानदाराच्या संगणकात गाण्यांचा आणि चित्रपटांचा साठा असे आणि थोडक्या पैशांत तो कार्ड भरून देई. ही उघड चोरी होती, यात संशय नाही. गायकाला, गीतकाराला, वादकाला त्यातून छदामही मिळत नसे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात अहिराणीसारख्या बोलीला फारसे स्थान नव्हते. त्या काळात खानदेशचे गाणे परमुलखात पोहोचविले ते बव्हंशी या दुकानांनीच.

यावर सरकारने योजलेला उपाय शिक्षेचा होता. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी १९८१ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ मध्ये चित्रफितींच्या चोरट्या व्यापाऱ्यांनाही आणून बसविण्यात आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५अ हे कलम आले. गाण्यावर वा चित्रपटावर घातलेले तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी शिक्षा त्यात आहे. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडणे मात्र गुन्हा ठरत नाही, ही सवलत आपल्या संसदेने शहाणपणाने ठेवली. तथापि ती कागदावरची आहे. रास्त कारणासाठी कुलूप उघडून देण्याचे बंधन कंपनीवर नाही आणि यंत्रमागावरच्या कामगाराने ते स्वतः उघडावे अशी अपेक्षा करणे ही थट्टाच होय.

आता कार्डाचे दुकान मागे पडले आणि कायदेशीर मार्ग खुला झाला. वर्गणी भरा, ॲपमधून गाणे फोनवर उतरवून घ्या आणि इंटरनेट नसतानाही ऐका. या प्रामाणिक मार्गाने जाणाऱ्याच्या वाट्याला काय आले? रेसो ही सेवा २०२४ च्या जानेवारीअखेर भारतात बंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. अशा सेवांत उतरवलेले गाणे फोनमध्ये असते खरे, परंतु त्याची किल्ली ॲपकडे असते. ॲप गेले की गाणे मुके होते. चोरीचे कार्ड अजून वाजते आहे आणि वर्गणीदाराचे गाणे गेले, असा हा न्याय आहे. टिप्स आणि विंक यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वर्गणीवर साठविलेल्या गाण्याकडे भाड्याने दिलेली वस्तू या दृष्टीनेच पाहिले. व्यवहार भाड्याचा असेल तर जाहिरातीतही तसेच म्हणावे. ग्राहकाला मालकीचा भास का व्हावा?

अमेरिकेत हा धडा पूर्वीच गिरवून झाला आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये आपल्या बंद पडलेल्या संगीत दुकानाच्या किल्ल्या देणे थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा पैसे भरलेल्या ग्राहकांनी एवढा गिल्ला केला की कंपनीला मुदत वाढवावी लागली. ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातील गाण्यांवरची कुलपे काढून टाकली आणि त्यामुळे तिचा धंदा बुडाला नाही. मासिक वर्गणीच्या पद्धतीने तेच कुलूप मागल्या दाराने परत आले, एवढेच. २०२५ च्या आरंभापासून कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला आहे. जी डिजिटल वस्तू केवळ परवान्याने वापरावयास मिळते, ती ‘विकत घ्या’ म्हणून खपविण्यापूर्वी ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे त्याने सक्तीचे केले. आपल्याकडे सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेले ‘कारवां’ हे यंत्र आणले आणि वडीलधाऱ्यांनी ते हौसेने घेतले. त्यातील गाण्यांची नक्कल करता येत नाही. पण कंपनीची मर्जी फिरली म्हणून ती नाहीशीही होत नाहीत. श्रोत्याला हवी असते ती एवढीच शाश्वती.

कुलपाचे समर्थन कलावंताच्या नावाने केले जाते. पण कुलपाने राखलेला पैसा कलावंताकडे आपोआप जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातील समान वाटा दिला आणि तो लिहून देऊन सोडताही येणार नाही अशी तजवीज केली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी धरलेला आग्रह अनेकांच्या स्मरणात असेल. मात्र हा वाटा पदरी पडण्यासाठी गाण्याची रीतसर नोंद व्हावी लागते. लग्नसराईत गाणी बांधणाऱ्या खानदेशी कवीला हे कोण सांगणार? १९६९ पासून काम करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने मुंबईत बसून अर्जांची वाट पाहण्यापेक्षा धुळे, जळगाव आणि सुरत येथे जाऊन अशा गीतकारांची नोंदणी करावी. लोकगीतांच्या जुन्या चाली सर्वांच्या आहेत. त्यांवर एखाद्या कंपनीने मालकी सांगू नये, याकडेही तेव्हाच लक्ष द्यावे.

सरकारकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. भाड्याच्या व्यवहाराला विक्री म्हणण्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली मनाई करावी. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने, स्वतंत्र किंमत घेऊन दिलेली गाणी कुलूप काढून ग्राहकाच्या स्वाधीन करावीत किंवा पैसे परत करावेत. आणि छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देण्याची जी सक्ती १९५४ च्या कायद्याने केली, ती ध्वनिमुद्रणांनाही लागू करावी. अहिराणीचे आजचे गाणे उद्या एखाद्या परक्या कंपनीच्या बंद संगणकात गडप झाले, तर ते परत मिळविण्याचे साधन आज आपल्याकडे नाही.

चोरी वाईटच. पण प्रामाणिक ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठविणारा कायदा चोरी थांबवू शकत नाही. ज्याने पैसे दिले त्याच्या हाती गाणे राहावे आणि ज्याने ते रचले त्याच्या हाती त्याचा वाटा पडावा. एवढे साधत नसेल, तर कुलूप केवळ मधल्या व्यापाऱ्याच्या तिजोरीला लागले आहे, असेच म्हणावे लागेल.