जॅकखालची फळी
लेहच्या वाटेवर चाक बदलायला थांबलेला लष्कराचा स्टॅलियन ट्रक दिसला आणि आधी नजर गेली ती जॅकखालच्या जाडजूड फळीवर. भुसभुशीत मातीत नुसता जॅक लावाल, तर ट्रक जागेवरच राहतो, जॅक तेवढा खाली जातो! आपली हौशी मंडळी जुना लष्करी ट्रक घेतात, टूलबॉक्समध्ये अर्धं गॅरेज कोंबतात. फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, एअर ब्रेकचा होज मात्र घरीच. (फिल्टर बदलला की लाइनमधली हवा काढावी लागते, त्यासाठी योग्य मापाचा पाना हवाच.) शिवाय व्हील पान्यावर चढवायला लांब लोखंडी पाइप, गंजलेला नट शौर्याने सुटत नाही. रस्त्यावर स्वतःला बसवता येत नाही असा एकही पार्ट सोबत नेऊ नये. त्या जागी पाण्याचे कॅन भरा.